फक्कीच्या भिंती

घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कागद फार साठत असतील, असं लोकांना वाटतं. कागद कसला, तो दर दिवाळीला रद्दीत जातो. साठतात ते किस्से! घर बांधायला निघालेला माणूस जसा असतो तसा उघडा पडतो, स्वतःच्या लग्नातसुद्धा तो इतका उघडा पडत नाही. गेली बावीस वर्षं मी तुळजापुरात माने सरांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर होता, आता कॉम्प्युटर आहे. काम तेच आहे. लोकांनी मनात बांधलेलं घर सरकारी नियमात बसवून द्यायचं.

ऑफिस देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन लॉजच्या मधे आहे. दिवसातून दोन-चार भाविक तरी जिना चढून वर येतात आणि विचारतात, "रूम हाय का?"

माने सर मान वर न करता म्हणतात, "हाय की, पण कागदावर!"

मला एक खोड आहे. कुठलाही नियम दिसला की, "हा का केला असेल?" असं विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्या खोडीपायी मी सरांची बोलणी पुष्कळ खाल्ली. पण यातले निम्मे किस्से मला त्या खोडीनंच दिले.

*

सरांची एक पद्धत आहे. नकाशा मंजुरीला पाठवायच्या आधी ते घर जमिनीवर काढतात. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की घ्यायची आणि प्लॉटवर अख्खं घर आखायचं. रज्जाक मिस्त्री दोरी धरतात, मी टेप धरतो, सर फक्की सोडतात. भिंतींच्या रेघा, दाराच्या जागी मोकळी फट. मग सर घरच्यांना सांगतात, "अर्धा दिवस राहा ह्याच्यात. मग सही करा."

जाधव गुरुजी म्हणून एक होते. कागदावर नकाशा बघून खूश झाले होते. प्लॉटवर फक्की मारल्यावर मात्र त्यांनी रेघांभोवती दोन चकरा मारल्या.

"सर, माझा प्लॉट कुठं गेला?"

"हाच की."

"मग घर एवढंसंच कसं?"

"चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची असती गुरुजी. नियम आहे."

"पैसे तर मी सगळ्या जागेचे दिल्यात!"

तोवर गुरुजींच्या मंडळी दारातून आत गेल्या, स्वयंपाकघरात मांडी घालून बसल्या आणि रिकाम्या हातांनी भाकरी थापून बघायला लागल्या. चार-पाच थापा झाल्या असतील. त्या थांबल्या, कोपराकडं बघितलं आणि ओरडल्या, "अवो, माझी भाकरी तुमच्या बेडरूममधी थापली जातीया!"

*

तुळजापुरात लॉज बांधायचं तर गाड्या लावायला जागा सोडावी लागते. जितक्या खोल्या, त्या मानानं पार्किंग. आमच्याच गल्लीतले बंडूकाका चार मजले चढवायला निघाले तेव्हा तळमजला सगळा पार्किंगमधे गेला.

"माझ्याकडं एक स्कूटर हाय, तीबी बंद!" काका तणतणले.

"तुमच्यासाठी नाही काका, येणाऱ्यांसाठी," सर म्हणाले.

काका व्यवहाराचे पक्के. तळमजल्याचा खर्च त्यांनी वरच्या खोल्यांवर वाटून टाकला आणि भाडं वाढवलं. वर्षभरानं मी काही कामाला तिथं गेलो होतो. सोलापूरकडचं एक कुटुंब काउंटरवर घासाघीस करत होतं. "एवढं भाडं कशाचं?" असं त्यातल्या बाई विचारत होत्या. काकांनी अभिमानानं सांगितलं, "बाई, प्रशस्त पार्किंग हाय आपल्याकडं!"

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "आमी तर एस्टीनं आलोय!"

*

अशात एक दिवस धोंडाबाई जिना चढून आल्या. जळकोटजवळच्या. सत्तरीच्या पुढं वय, हातात काठी, मागं मुलगा बिरू. मेंढ्या राखणारं घर. आठ महिने कळपामागं फिरायचं, पाल ठोकायचं, पाल काढायचं. आज्जींचा सगळा जन्म असा उघड्यावर गेलेला. गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांचा एक तुकडा होता, मागं मेंढ्यांचा वाडा होता. तिथं घर बांधायचं होतं.

मी सवयीनं विचारलं, "आज्जी, आता या वयात घर कशाला?"

"दार लावून झोपायचंय," त्या म्हणाल्या. "म्या आजपातूर कवा दार लावून झोपले न्हाय."

मला उगाचच माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

सरांनी मग समजावून सांगितलं. जागा शेतीची आहे. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत घर बसलं तर बरीचशी भानगड टळते. बाहेर गेलं तर अकृषिक परवानगी, मोजणी, चलन, कागद, हेलपाटे. आज्जींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या समद्याला किती मेंढ्या लागत्याल?"

सरांनी मनात हिशेब केला. "सहा-सात तरी जातील."

"आन् घराला?"

"तीस-पस्तीस."

"म्हंजी वीट न लावता सात गेल्या!" आज्जी बिरूकडं वळल्या. "लांडग्यानंबी कवा येका टायमाला सात न्हेल्या न्हाईत!"

*

घरकुलाच्या अर्जासोबत "माझे अन्यत्र पक्के घर नाही" असं लिहून द्यावं लागतं. अणदूरचे शिवलिंगअप्पा ते माझ्याकडून टाइप करून घेऊन गेले. आठवड्यानं तोंड पाडून परत आले. अर्ज अडकला होता. का, तर कचेरीच्या खिडकीपाशी वाट बघताना त्यांना फोन आला आणि ते मोठ्यानं बोलले, "स्टार्टर शेतातल्या घरी ठेवलाय." खिडकीतल्या बाबूनं ऐकलं. शेतात घर आहे!

ते घर म्हणजे चार पत्रे. आत मोटारीचा स्टार्टर, खताची दोन पोती आणि एक मांजर. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहायला जातो आणि पुन्हा अणदूरला येतो. देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. त्या गावच्या माणसाला कागदाची भीती कशी असेल? अप्पा दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी जाऊन कडाडले, "आमच्या देवाला दोन गावांत दोन घरं हायती! समदं करारावर चालतंय. त्याला कुणी इचारलं न्हाय, आन् मला चार पत्र्यांचं इचारताव व्हय?"

बाबूही इथलाच. त्यानं शांतपणे फाइल बंद केली आणि म्हणाला, "देवानं घरकुलाचा अर्ज भरला न्हाय, अप्पा."

शेवटी कोणीतरी जाऊन पत्रे बघून आलं आणि अर्ज सुटला. अप्पांनी पेढे आणले. आता ते शेतातल्या घराला "मांजराची खोली" म्हणतात.

*

बाजूची मोकळी जागा का सोडायची, हे मी आजवर निदान वीस जणांना विचारलं असेल. एकानं सांगितलं, हवा खेळायला. दुसऱ्यानं, आगीचा बंब जायला. तिसऱ्यानं, शेजाऱ्याच्या पत्र्याचं पाणी आपल्या भिंतीवर पडू नये म्हणून. एकानं तर खरं ते सांगून टाकलं, "पुस्तकात लिहिलंय म्हणून." लोक मात्र त्या जागेत पाण्याची टाकी ठेवतात, जुनी सायकल ठेवतात आणि वर्षाला एकदा तिथून शेजाऱ्याशी भांडतात. पैसे मोजून घेतलेली ती जागा नक्की कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला कधी मिळालं नाही.

रज्जाकभाईंना मी लोखंडाचं विचारलं होतं. भिंतीला खिडक्यांच्या वर सगळीकडून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, कोपऱ्यात उभ्या सळ्या घालायच्या, हा नियम घरमालकांना फार टोचतो. खर्च वाढतो. "एवढं लोखंड कशाला मिस्त्री, येवढा पट्टा सोडा की," असं प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो. बाकी सगळ्यात तडजोड करणारे रज्जाकभाई इथं ऐकत नाहीत. काम सोडून घरी जातील, पण पट्टा सोडणार नाहीत.

त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा ते लोहाऱ्याकडं राहत होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. त्यात त्यांची थोरली बहीण गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहाचा कप हातात तसाच धरून.

मग कप ठेवला आणि म्हणाले, "साब, जिस कायदे की वजह मालूम रहती ना, उसका पैसा चुभता नै."

*

घर बांधलं की आवारात झाड लावायचं आणि त्याचा फोटो फाइलला जोडायचा, असाही एक नियम आहे. लोक सांगूनही झाड लावत नाहीत आणि फाइल आमच्या नावानं अडकते. त्यावर आम्ही एक तोड काढली होती. लबाडीच होती, कबूल करतो. ऑफिसच्या गच्चीवर कुंडीत बदामाचं एक रोप होतं. ज्याचं घर होईल त्याच्या दारात ती कुंडी नेऊन ठेवायची, घरमालकाला शेजारी उभं करायचं, फोटो काढायचा आणि कुंडी परत आणायची. सात घरं अशी पार पडली.

आमच्या भागात जागेच्या पाहणीला एक साहेब येतात. नाव नको, अजून नोकरीत आहेत. कमी बोलतात, टेप स्वतः धरतात. आठव्या घराला ते स्वतः आले. कुंडीसमोर बराच वेळ उभे राहिले.

साहेबांनी वाकून एक पान हातात धरलं. म्हणाले, "ह्याला मी ओळखतो. मोठं झालं की हो हे!"

त्यांनी फाइलवर काहीच लिहिलं नाही. फक्त खड्डा खणायला लावला आणि रोप तिथंच जमिनीत गेलं. आता ते बदाम गच्चीला लागलंय आणि घरमालक पाल्याचा कचरा पडतो म्हणून आम्हाला शिव्या देतो.

*

धोंडाबाईंच्या जागेवर आम्ही घर आखलं. पुढं रस्ता आणि गाव, मागं मेंढ्यांचा वाडा, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांचं बाभळीचं काटेरी कुंपण. तीन खोल्यांचं घर होतं. आज्जी दारातून आत गेल्या, पायताण बाहेर काढून. मग आम्ही गावठाणाच्या हद्दीच्या दगडापासून टेप ओढत आणला. दोनशे मीटरची रेघ बरोबर स्वयंपाकघरातून गेली. चूल आत आणि पाण्याचा माठ बाहेर!

सर डोकं धरून बसले. इतर लोक वास्तुशास्त्रापायी संडास वीतभर हलवू देत नाहीत. आज्जी मात्र म्हणाल्या, "मंग घर उचला आन् म्होरं ठिवा की!"

आणि खराटा घेऊन त्यांनी सगळं घर पुसलंसुद्धा. रोज पाल हलवणाऱ्या बाईला घर हलवायचं काय कौतुक! आम्ही घर पुढं सरकवलं, तर रस्त्यापासून सोडायची जागा आडवी आली. पुढून नियम, मागून नियम आणि बाजूला कुंपणापासून पाच-पाच फूट. सगळ्यांचं सोडून झाल्यावर तीन खोल्यांच्या दोन झाल्या. नियमानं मेंढ्या वाचल्या, पण खोली गेली. आज्जी मधल्या खोलीच्या जागी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दार तर हाय न्हवं?"

फाइल पाठवली आणि पाहणीची वाट बघणं सुरू झालं. मंजुरी नाही तर पाया नाही. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे दोन. त्या वर्षी आज्जी कळपामागं गेल्याच नाहीत, बिरूही कळप जवळपासच चारून आणायचा. उन्हाळी वाऱ्यानं फक्की उडायची. त्या रोज सकाळी अंगण झाडावं तसं झाडून भिंती पुन्हा ओढायच्या. रज्जाकभाई अर्धं पोतं फक्की देऊन आले होते. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मधे एकदा आम्ही बघायला गेलो तर आज्जींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मेंढ्या वाड्याकडं जाताना सरळ घरातून घुसल्या होत्या आणि आज्जी काठी घेऊन मागं धावत होत्या, "आगं ए! भिंतीतनं कुटं चाललाव! सैपाकघर हाय ते!"

बिरू कपाळाला हात लावून बसला होता. मला म्हणाला, "लोक हसत्यात. समजावा की वो तिला."

मी काय समजावणार? मी स्वतः दारातूनच आत गेलो होतो.

*

दोन महिन्यांनी एका दुपारी साहेब पाहणीला आले. तेच, बदामाचं झाड ओळखणारे. गाडी त्यांनी पुढच्या कडुलिंबाखाली लावली आणि सरळ भिंत ओलांडून आत आले.

"सायेब," आज्जी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दार तिकडं हाय."

मोठ्या मुश्किलीनं आलेला माणूस! साहेबांनी खाली बघितलं. मागं फिरले, रेघेबाहेर गेले, वळसा घालून दाराशी आले, तिथं आमची पायताणं बघितली, बूट काढले आणि आत आले.

मग टेप ओढला. एक टोक साहेबांनी धरलं. गावठाणाच्या दगडापासून मोजत मोजत आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी आलो. साहेब वाकले.

"आज्जी, ही भिंत एक वीत बाहेर जातीय."

रोज नव्यानं ओढताना भिंत तेवढी मागं सरकली होती. वीतभर बाहेर म्हणजे सगळं घर बाहेर. म्हणजे सात मेंढ्या, मोजणी, चलन, आणखी किती महिने कोण जाणे. आज्जी मात्र उठल्या. खराट्यानं भिंत पुसली, वीतभर आत मूठ धरून सरळ नवी रेघ ओढली आणि विचारलं, "आता?"

साहेबांनी पुन्हा टेप लावला. "आता आत," म्हणाले, आणि फाइलवर तसं लिहिलं. मी वाचलं. मग टेप गुंडाळला.

चहा झाला. तीन दगडांची चूल स्वयंपाकघरातच होती, साहेब पुढच्या खोलीत पोत्यावर बसले होते. तेवढ्यात बिरू कळप घेऊन आला. शंभरावर मेंढ्या रस्त्यावरून आत शिरल्या आणि थेट आमच्याच अंगावर यायला लागल्या. साहेब कप घेऊन अर्धवट उठले.

आज्जी जागच्या हलल्या नाहीत. मेंढ्या दारापर्यंत आल्या आणि दोन्हीकडं फुटल्या. निम्म्या डाव्या अंगानं, निम्म्या उजव्या. भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या पाच-पाच फुटांतून धूळ उडवत वाड्याकडं गेल्या. एकीचाही खूर रेघेवर पडला नाही. साहेब त्यांच्याकडं बघत होते, मी बाजूच्या मोकळ्या जागेकडं.

धूळ खाली बसल्यावर साहेब निघाले. गाडी समोरच होती, भिंतीपलीकडं, चार पावलांवर. त्यांनी पाय उचलला. तसाच धरला. मग मागं वळून दारातून बाहेर गेले, बूट घातले आणि फिरून म्हणाले,

"येतो आज्जी. दार लावून घ्या."

आज्जींनी मूठभर फक्की घेतली, दाराशी गेल्या, वाकल्या, मोकळ्या फटीत रेघ ओढली आणि दार लावून घेतलं. मी आणि सर अजून आतच होतो.